व्याहीबुवा, खिडकीतून बघा!

मंडळी, ऐका! आज आख्यान सांगण्याआधी एकच प्रश्न विचारतो. उत्तराची घाई नको. नीट मांडी घाला, पाय आखडला असेल तर पसरा. मारुतीराया आपलाच आहे, रागावणार नाही.

प्रश्न असा. एक माणूस देवाच्या दर्शनाला निघाला. डोंगर चढला, घाम गाळला, पार दारापर्यंत गेला. दार उघडं आहे! आत देव बसलाय! आणि हा पठ्ठ्या उंबऱ्यावरून मागं फिरला. तर सांगा, ही भक्ती की करंटेपणा?

करंटेपणा! बघा, पहिल्या रांगेतून लगेच उत्तर आलं. आणि उत्तराबरोबर खोकलाही आला! काका, पाणी घ्या थोडं. घ्या, घ्या. आम्हाला बिदागी कमी मिळाली तरी चालेल, श्रोता टिकला पाहिजे!

तर करंटेपणा म्हणालात. बरं. हे उत्तर इथं मारुतीच्या पायाशी ठेवून देऊ. आख्यान संपल्यावर उचलू, आणि तेव्हाही तेच राहतं का ते पाहू.

*दारी येऊनिया मागे जो सरला।*
*तोचि आत गेला, जाणा तुम्ही॥*

हं! पेटीवाले, सूर धरून ठेवा. आता आपल्याला लांब जायचंय. कुठं? काशीला? रामेश्वरला? छे! आफ्रिकेला! युगांडा नावाच्या देशात, ब्विंडीच्या जंगलात, गोरिला बघायला! हसताय? मारुतीच्या देवळात गोरिलाची कथा सांगायची नाही तर कुठं सांगायची हो?

आता माणसं ओळखून घ्या. मुख्य माणसं दोनच. दोघे व्याही.

पहिले अवधूतराव किल्लेदार, कराडचे. मुलाकडचे. वरबाप! वरबाप म्हणजे काय, हे ज्यांनी मुलीचं लग्न केलंय त्यांना सांगायला नको. लग्नाला आठ वर्षं झाली, तरी अवधूतरावांच्या मानेतून तो फेटा काही उतरला नव्हता! घरात शिरताना आधी नजर जायची चांगल्या खुर्चीकडे. ती कोणी घेतली असेल तर उभे राहायचे. उभे म्हणजे असे उभे, की बसलेल्याला बसवेनासं व्हावं.

दुसरे रंगनाथ वाळिंबे. मुलीचे वडील, राहणार वाई. यांचा धंदा गोड! गावोगावच्या बालवाड्यांच्या भिंती रंगवायच्या. पोपट, हत्ती, मोर, ससा. एक सवय मात्र होती, तपकिरीची. खिशात पितळेची डबी. चिमूट ओढली की ‘हाः-च्छू!’ शिंक अशी, की अंगणातलं मांजर कौलावर!

अवधूतरावांचा मुलगा पुष्कर आणि रंगनाथरावांची मुलगी केतकी. दोघं नोकरीसाठी युगांडात, कंपाला शहरात. त्यांची एक चिमुरडी, तिचं नाव रेवा.

या रेवाच्या जन्माच्या वेळी काय घडलं ते आधी ऐका. पुढची सगळी कथा त्या एका खिळ्यावर टांगलेली आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, वाईला. रेवा पाच-सहा दिवसांची. नात झाल्याचं कळल्यावर अवधूतराव बाळंतविडा घेऊन निघाले. सोबत पेढे, अंगावर कडक इस्त्रीचा सफारी सूट. आणि नाकात सर्दी! दारात पाऊल ठेवलं आणि शिंकले. एकदा, दोनदा.

आमचे रंगनाथराव जन्माचे गरीब. त्यांनी व्याह्यांसमोर कधी आवाज चढवला नव्हता. पण त्या दिवशी ते दारात आडवे उभे राहिले, हात जोडले, आणि म्हणाले, “व्याहीबुवा, रागवू नका. बाळ कोवळं आहे. खिडकीतून बघा.”

खिडकीतून! वरबापाला! अहो, फटाकड्याच फुटल्या असतील डोक्यात! अवधूतरावांनी पेढे ओट्यावर ठेवले आणि तसेच परत फिरले. खिडकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हापासून व्याह्यांमध्ये बोलणं उरलं ते पावसापाण्यापुरतं. “काय, पाऊस?” “आहे.” संपलं!

रंगनाथरावांना ते फार लागलं. केलं ते बरोबर होतं, पण बरोबर केल्याचंही दुःख असतं हो माणसाला! मनात म्हणायचे, ‘एकदा संधी मिळावी. व्याह्यांचा मान त्यांना परत द्यावा.’

आणि संधी कशी आली बघा. पुष्करला जेमतेम आठवड्याची रजा मिळाली. केतकीनं ठरवलं, दोन्ही घरच्या आई-वडिलांना बोलवायचं आणि छोटी पण राजेशाही सहल करायची. आधी मैदानातली जनावरं, मग डोंगरातला गोरिला. संगणकावर सगळ्यांना एकत्र बसवून तिनं बेत सांगितला.

“अण्णा, आपण लहान विमानानं जाणार. राहायला तंबू आहेत.”

अवधूतराव म्हणाले, “तंबू? सूनबाई, आम्हाला काय सर्कशीत भरती करताय?”

“अहो, आलिशान तंबू! आत पलंग, न्हाणीघर, बाहेर लाकडी ओटा. ओट्यावर गरम पाण्याचा टब. टबात बसून हत्ती बघायचे!”

“आणि हत्तींनी आपल्याला बघितलं तर?”

“ते बघत नाहीत हो अण्णा, त्यांना सवय आहे!”

दोघी विहिणींनी तर तिथल्या तिथंच अंग काढून घेतलं. एक म्हणाली, “एवढ्या लांब जाऊन माकडं बघायची?” दुसरी म्हणाली, “तीस वर्षं घरात बघतेय की!” त्या दोघींचं गूळपीठ पहिल्यापासून जमलेलं. त्या कंपालाला नातीजवळ राहणार. लहान मुलांना गोरिलाकडे नेतच नाहीत, त्यामुळे रेवाला कोणीतरी सांभाळायला हवंच होतं.

मग केतकीनं नियम वाचले. गोरिलाच्या एका कुटुंबाकडे दिवसातून एकदाच माणसं सोडतात, तीही मोजकी. भेट तासाभराची. परवाना आधीपासून काढावा लागतो, ज्याच्या नावाचा त्यालाच. भडक कपडे नकोत, अत्तर नको. “आणि नाना,” ती वडिलांना म्हणाली, “शिंकणाऱ्या-खोकणाऱ्या माणसाला पायथ्यावरूनच परत पाठवतात. तपकीर घरी ठेवून यायची!”

रंगनाथराव म्हणाले, “ठेवतो गं बाई.” आणि डबी बनियनच्या खिशात ठेवली. खोटं नाही बोलले. ठेवली!

आता कोणाला काय हवं होतं ते पाहा. अवधूतराव ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष. त्यांनी जाण्याआधीच व्याख्यान जाहीर करून टाकलं होतं. फलकसुद्धा लागला, ‘मी आणि गोरिला’! खाली अवधूतरावांचा फोटो. गोरिलाचा नव्हता. त्यामुळे चौकात जरा चर्चा झाली, की यातला ‘मी’ कोणता! असो.

आणि रंगनाथराव? त्यांनी आयुष्यभर भिंतींवर गोरिला काढला होता. छाती बडवणारा, दात विचकणारा. पोरं घाबरायची आणि परत परत बघायची. पण त्यांच्या मनात एक सल होता. ते केतकीला म्हणाले, “मोर पाहून मोर काढला, ससा पाहून ससा काढला. हत्ती सर्कशीत पाहिला. पण गोरिलाचे डोळे मी अंदाजानं काढत आलो गं. एकदा खरे बघायचेत.”

समजलं ना मंडळी? एकाला पाहून आलो असं सांगायचं होतं. एकाला नुसतं पाहायचं होतं. आपण देवळात येतो तेव्हा यातले कोण असतो? जाऊ द्या, फोटो काढणाऱ्यांनी फोन खाली ठेवले तरी पुरे!

तर निघाली मंडळी. अवधूतरावांनी सफारीसाठी काय घालावं? सफारी सूट! नवा शिवलेला, बिस्किटी रंगाचा, वर पेन लावलेला. लग्नातला पोशाख सिंहाच्या भेटीला! पण खरं सांगू? मैदानात पोचल्यावर गडी खुलला. झाडावर चढून झोपलेला सिंह पाहिला. पंजे दोन्हीकडे लोंबतायत, शेपूट खाली. अवधूतराव कुजबुजले, “जेवून पडलाय. अगदी आमच्या मेहुण्यासारखा!” रंगनाथरावांना हसू आलं. सात वर्षांत पहिल्यांदा व्याही पावसाखेरीज काही बोलले होते!

पण अहंकार लगेच जातो होय? दुसऱ्या दिवशी पहाटे उघड्या जीपमधून निघाले. वारा असा, की दात वाजावेत. रंगनाथरावांनी हळूच आपली लोकरी कानटोपी पुढं केली. “व्याहीबुवा, घाला. मला मफलर आहे.”

मुलीकडच्यांची कानटोपी! वरबाप घालणार? “आम्हाला थंडी वाजत नाही,” म्हणाले, आणि जीपच्या छतातून डोकं बाहेर काढून उभे राहिले, किल्ल्याच्या बुरुजासारखे! परत आल्यावर त्या ओट्यावरच्या टबात तासभर बसले. ओल्या अंगानं हत्ती मोजत राहिले. झालं! संध्याकाळी डोंगरातल्या मुक्कामावर पोचेपर्यंत नाक गळायला लागलं.

एक गंमत सांगतो. त्या मुक्कामी पाहुण्यांच्या पांघरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवतात, लोकरीच्या पिशवीत घालून. अवधूतरावांनी पाय लांबवला आणि ओरडले, “पुष्कर! अंथरुणात जनावर आहे! ऊबदार आहे! केसाळ आहे!” सगळे धावले. पुष्करनं पिशवी काढून दाखवली. अवधूतराव म्हणाले, “मला माहीत होतं. तुमची परीक्षा घेतली.”

हा आरडाओरडा चालू असताना रंगनाथरावांनी मात्र एक गोष्ट टिपली. व्याह्यांचा आवाज बसलाय, डोळे लाल झालेत. सकाळी त्यांनी थर्मासमधून काढा नेऊन दिला, सुंठ, तुळस, गूळ. “घसा धरलाय ना? घ्या.”

अवधूतराव आजूबाजूला बघून म्हणाले, “मुलांना सांगू नका. किरकोळ आहे.” आणि काढा प्यायले. कानटोपी नाकारली होती, काढा घेतला. गरज पडली की मानपान कसा पातळ होतो, बघा!

आता आले पायथ्याच्या चौकीवर. मंडळी, इथं कान द्या.

वनरक्षकांची प्रमुख एक बाई होती, पेनिना नावाची. हसरी, धिप्पाड. तिनं सगळ्यांना बाकांवर बसवलं, तोंडाला मुखपट्ट्या बांधायला लावल्या. म्हणाली, “गोरिला आपल्या इतक्या जवळचा आहे, की आपला आजार त्याला लागतो. त्याच्याकडे औषधाचं दुकान नाही. कोणाला ताप, सर्दी, खोकला असेल तर आत्ता सांगा. लाज नको.”

शांतता! पाखराचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता! आणि त्या शांततेत, शेवटच्या बाकावरून... “हाक्-छी!”

सगळ्या माना वळल्या. बाकावर दोघंच! दोन व्याही. दोघांच्या तोंडाला पट्टी. शिंक कोणाच्या नाकातली? अवधूतरावांच्या! पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. डोळ्यांपुढं फलक नाचायला लागला. ‘मी आणि गोरिला’! अध्यक्ष पायथ्यावरून परत! सगळ्यांच्या देखत, सुनेच्या देखत!

रंगनाथरावांनी व्याह्यांकडे पाहिलं. तोच चेहरा, मंडळी! वाईच्या दारातला! पेढे हातात, अपमान डोळ्यांत. ‘याला मी एकदा दारातून परत पाठवलाय. दुसऱ्यांदा नाही.’ आणि काय केलं या वेड्या माणसानं? मुखपट्टी खाली ओढली, डबी काढली, सगळ्यांसमोर चिमूटभर तपकीर नाकात कोंबली, आणि... “हाः-च्छू! हाः-च्छू! हाः-च्छू!”

“मी शिंकलो,” म्हणाले. “मीच.”

केतकी ताडकन उठली. “नाना! शंभरदा सांगितलं होतं मी! शेवटी आणलीतच ना ती डबी? एवढी एक गोष्ट तुम्हाला पाळता येत नाही?” पोटच्या पोरीनं परक्यांसमोर झापलं. बाप मान खाली घालून उभा! आयुष्यभर ज्याचे डोळे बघायचे होते तो समोरच्या डोंगरात बसलाय, आणि हा पायथ्याला!

पेनिना म्हणाली, “तपकीर असेलही. पण मी धोका पत्करणार नाही. तुम्ही इथं थांबा.” रंगनाथराव म्हणाले, “थांबतो. इथूनही डोंगर छान दिसतो.”

आणि अवधूतराव? गप्प! अगदी गप्प!

आता सांगा, रंगनाथरावांनी केलं ते पुण्य की पाप? त्याग म्हणताय? थांबा! त्याग केला खरा, पण त्या त्यागाच्या पांघरुणाखालून सर्दी निघाली ना डोंगरात! चांगुलपणालाही डोळे हवेत हो. प्रेमानं झाकलेली चूक ही चूकच असते, वरून शाल पांघरलेली!

निघाली मंडळी वर. चढ असा, की अवधूतरावांना एक हमाल पुढून ओढतोय, एक मागून लोटतोय. सफारी सूटला चिखल, पेन गेलं कुठल्या झुडपात. पण माणसाला सगळ्यात जड काय झालं होतं? शिंक! येणारी प्रत्येक शिंक गिळायची! नाक दाबायचं, जीभ टाळूला लावायची, इष्टदेवतेचं नाव घ्यायचं. मी म्हणतो, तेवढं नामस्मरण त्यांनी जन्मात केलं नसेल! देव वरून म्हणत असेल, “आज काय विशेष?”

शेवटी पेनिनानं हात वर केला. थांबा! समोर वेली, फर्न, पानांचा दाट पडदा. पलीकडे फांदी मोडल्याचा आवाज. मग ‘पोक-पोक-पोक-पोक!’ पोकळ लाकडावर थाप पडावी तसा. छाती! तो छाती बडवत होता!

मंडळी, लग्नात अंतरपाट धरतात ना? अलीकडे एक, पलीकडे एक, मध्ये फक्त कापड. तसा पानांचा अंतरपाट! चार पावलं टाकली की दर्शन!

पेनिना हळू आवाजात म्हणाली, “काठ्या, पिशव्या, खाऊ सगळं इथं ठेवा. पट्टी नाकावर घट्ट बसवा. आज त्यांच्यात एक तान्हं आहे. आई त्याला छातीशी धरून बसलीय. आपल्याला सर्दी म्हणजे दोन रुमाल. त्याला ती जीव घेणारी ठरू शकते.”

तान्हं!

एका शब्दानं माणूस कुठल्या कुठं जातो बघा! अवधूतराव उभे होते आफ्रिकेच्या डोंगरात, आणि पोचले वाईच्या ओट्यावर. हातात पेढे, नाकात सर्दी. समोर दारात आडवा उभा एक गरीब माणूस, हात जोडून. ‘बाळ कोवळं आहे.’ सात वर्षं त्यांना त्या दारात स्वतःचा अपमानच दिसला होता. आज पहिल्यांदा त्या माणसाच्या पाठीमागचा पाळणा दिसला! ‘अरे, तो मला अडवत नव्हता. तो माझ्याच नातीला सांभाळत होता!’

पुष्कर म्हणाला, “अण्णा, चला ना. सगळे निघाले.”

पलीकडे पुन्हा ‘पोक-पोक-पोक!’ देव हाक मारतोय! चार पावलं!

अवधूतरावांनी एक पाऊल टाकलं. मागं!

*दारी येऊनिया मागे जो सरला...*

“पुष्कर,” म्हणाले, “त्या वनरक्षक बाईला सांग. सर्दी मला आहे. कालपासून आहे. खाली ती शिंक माझी होती. तुझे सासरे धडधाकट आहेत. त्यांनी माझ्यासाठी तपकीर ओढली.”

“अण्णा! हे आत्ता सांगताय?”

“आत्ता सांगतोय हेच नशीब समज. वरबाप आहे मी, उशीर लागतो!”

केतकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वडिलांना काय काय बोलली ते तिला आठवलं. पेनिना अवधूतरावांकडे बघत राहिली. ती रागावली, रागवायलाच हवं होतं. म्हणाली, “खाली सांगायचं होतं. मी त्यासाठीच विचारते.” अवधूतराव म्हणाले, “चुकलो.” मंडळी, हा शब्द किल्लेदारांच्या घराण्यात पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा!

मग ते म्हणाले, “बाई, एक विनंती. मी मागं फिरतो. पण त्या माणसाला वर बोलवा. परवाना त्याच्या नावाचा आहे. दर्शनही त्याचंच आहे.”

ती म्हणाली, “वचन देत नाही. वरिष्ठांना विचारते.” बिनतारी यंत्रावर बोलणं झालं. खाली चौकीवर रंगनाथरावांचा ताप पाहिला, घसा पाहिला. डबी तर थांबवतानाच काढून घेतली होती. तेव्हापासून एकही शिंक नाही! हाच मोठा पुरावा! गोरिलांची दुपारची वामकुक्षी चालली होती, ते कुठं जाणार नव्हते. चौकीही फार लांब नव्हती. परवानगी आली!

आता दृश्य डोळ्यांपुढं आणा. निसरडी, अरुंद वाट. एका वेळी एकच माणूस मावेल अशी. वरून उतरतायत अवधूतराव, खालून चढतायत रंगनाथराव. मध्ये भेट! एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला खाजकुयलीसारखं रान, हात लागला तर दिवसभर आग. कोणीतरी बाजूला व्हायला हवं.

रंगनाथराव सवयीनं म्हणाले, “या, व्याहीबुवा, आधी तुम्ही.” आणि त्या खाजऱ्या रानात शिरायला लागले.

“थांबा!” अवधूतराव ओरडले. “जवळ येऊ नका, मला सर्दी आहे! आणि एक पाऊलही बाजूला टाकू नका!” असं म्हणून तो वरबाप, तो अध्यक्ष, तो बुरूज... त्या नव्या सफारी सुटासकट शिरला झुडपात! तोंड पलीकडे केलं, हात जोडले. “आधी तुम्ही.”

“अहो, आग होईल!”

“होऊ द्या! सात वर्षं माझी खुर्ची तुम्ही पुसलीत. आज वाट मी देतो. जा! तान्हं आहे वरती. बघून या, आणि मला सांगा.”

रंगनाथरावांनी हात जोडले. डोळे पुसत वर गेले.

संध्याकाळी मुक्कामी अवधूतराव खोलीत बसले होते. अंगभर मलम, डोक्यावर टॉवेल, पुढ्यात वाफेचं भांडं. व्हरांड्यात पावलं वाजली. रंगनाथराव! चेहरा असा, की आत दिवा लावलाय. दाराची कडी काढणार, तोच आतून गर्जना झाली.

“आत येऊ नका, व्याहीबुवा! खिडकीतून सांगा!”

आणि मग दोघंही हसले! असे हसले, असे हसले, की अवधूतरावांना शिंका, रंगनाथरावांना ठसका, आणि पाणी दोघांच्याही डोळ्यांत! सात वर्षांचा तो खिळा एका हसण्यात निखळला.

रंगनाथरावांनी खुर्ची खिडकीबाहेर ओढली. सांगायला लागले. “व्याहीबुवा, मी आयुष्यभर चुकीचा काढला हो त्याला! तो रागीट नाहीच. छाती बडवली ती नुसती वर्दी होती, आम्ही इथं आहोत, एवढंच. मग बसला पाठमोरा. पाठ केवढी! बालवाडीच्या दारात मावायची नाही. त्या पाठीवर चांदी पसरलेली. दोन पोरं अंगावर चढतायत, एक कान ओढतंय. हा हलत नाही. पाला खातोय. रेवा पाठीवर चढली की तुम्ही वर्तमानपत्र वाचायचं सोंग करता ना, अगदी तस्सा!”

“आणि तान्हं?”

“आईच्या काखेत. एवढीशी मूठ. त्या मुठीत आईचे केस धरलेले. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं.”

“डोळे?”

“तपकिरी. मी काळे काढत होतो. तपकिरी आहेत, व्याहीबुवा. आणि ओले. कोणीतरी आत्ताच हाक मारलीय आणि ते ओ देणार आहे, असे.”

आत अवधूतरावांनी टॉवेलाखाली डोळे मिटले. मग हळूच, “दिसला. रंगनाथराव, दिसला मला.”

रंगनाथराव! व्याहीबुवा नाही. नावानं!

मंडळी, नऊ भक्तींत पहिली भक्ती कोणती? श्रवण! दर्शन नव्हे, श्रवण! डोळ्यांना जे मिळालं नाही ते कानांनी आत नेलं. तुमच्यातल्या किती जणांनी गोरिला पाहिलाय? मी तर नाहीच पाहिला! पण आत्ता, या क्षणी, त्या तान्ह्याची मूठ दिसली की नाही? खरं सांगा! दिसली ना? मग अवधूतरावांनी काय गमावलं?

ते पुढे कराडला व्याख्यान झालं बरं का. फलकावर ‘मी आणि’ यावर पांढरा कागद चिकटवला होता. राहिलं नुसतं ‘गोरिला’. मधोमध चांगली खुर्ची, तिच्यावर रंगनाथराव. अध्यक्ष शेजारी, घडीच्या खुर्चीवर. केतकीनं पुढच्या वेळी येताना वडिलांना डबी परत आणून दिली, धुऊन-पुसून. आत तपकीर नाही, खडीसाखर! आणि वाईजवळच्या एका बालवाडीत जाल तर भिंतीवर गोरिला बघा. छाती बडवत नाही. बसलाय, पोरं अंगावर घेऊन. डोळे तपकिरी.

आता आपलं ते उत्तर उचलू या. मारुतीच्या पायाशी ठेवलेलं. उंबऱ्यावरून मागं फिरणं करंटेपणा का? सांगा आता! बोला ना! मघाशी तर पटकन बोललात!

अहो, सर्दी नाकातच असते असं थोडंच आहे? कोणाला मानाची सर्दी, कोणाला रागाची, कोणाला ‘मलाच आधी’ची. ती घेऊन आपण शिरतो, लग्नात, बारशात, देवळात, आजाऱ्याच्या खोलीत. आणि समोरच्या कोवळ्या जिवाला बाधा करून येतो. आपल्याला कळतही नाही. आपल्याला दोन रुमाल! म्हणून सांगतो, दारात कोणी आडवं उभं राहिलं, तर रागावण्याआधी त्याच्या पाठीमागं पाळणा आहे का, तेवढं बघा. आणि कोणी आपल्यासाठी तपकीर ओढत असेल, तर त्याला ओढू देऊ नका. उठा आणि सांगा, शिंक माझी आहे!

*दारी येऊनिया मागे जो सरला।*
*तोचि आत गेला, जाणा तुम्ही॥*

अहो! अहो काका! पहिल्या रांगेतले! निघालात कुठं? आरती व्हायचीय, प्रसाद व्हायचाय! माझं काही चुकलं का? तो खोकला... हां, पाणी पिऊनही थांबला नाही म्हणता? मग घरी निघालात? नाही? बाहेर?

मंडळी, जरा वाट द्या त्यांना. बघा, कुठं चाललेत. त्यांच्या शेजारी ती ताई बसलीय ना, मांडीवर बाळ घेऊन? बाळ झोपलंय, टाळाच्या आवाजातही झोपलंय. काका त्याच्याकडे बघून उठले. गेले ओट्यावर. खिडकीपाशी उभे आहेत, गजाला धरून.

काय हो काका, दिसतंय का तिथून? मान हलवली. दिसतंय म्हणाले.

पेटीवाले, सूर एक पट्टी वर घ्या. तबला, जरा खुला वाजू द्या. आजची आरती आपण मोठ्यानं म्हणायची आहे, त्या खिडकीपर्यंत पोचली पाहिजे!